दुधाचा वास

४ मार्च
सिंगापूरला, पुंगोलमध्ये पोचले. मावसबहीण अनघा आणि तिचा नवरा रुचिर यांच्याकडे वर्षभर राहायचं ठरलंय. खोली लहान, पण खिडकीतून पाणी दिसतं आणि खालून एलआरटी या छोट्या रेल्वेचा डबा खेळण्यासारखा घरंगळत जातो. अनघाला सातवा महिना लागलाय. माझ्यासाठी तिने बासुंदी आटवली होती. दोघींनी पातेलं खरवडून खाल्लं.

७ मार्च
बुओना व्हिस्टा भागातल्या संशोधन संस्थेत काम सुरू झालं. विषय जुनाच, मध्ययुगात दक्षिण फ्रान्समध्ये पसरलेला एक ख्रिस्ती पाखंडी पंथ. अनघाने जेवताना विचारलं म्हणून सांगितलं. आत्मा चांगल्या देवाचा, हे जग आणि शरीर मात्र सैतानाने घडवलेलं; मेल्यावरच आत्मा त्यातून सुटतो. म्हणून नर-मादीच्या संगातून जन्मलेलं सगळं त्यांना घाण वाटायचं. मांस, अंडी, दूध, सगळं. गरोदर बाईच्या पोटात सैतान असतो, असंही त्यांच्यातले काही म्हणत. रुचिर म्हणाला, "ताई, जेवताना कशाला हे?" अनघा भात चिवडत राहिली. मग तो पंथ पसरला कसा, म्हणून तिने विचारलं. घराघरांतून, मी म्हटलं. बायका बायकांना सांगायच्या.

१९ मार्च
अनघाने दूध सोडलं. आधी चहा कोरा झाला, मग दही बंद. डॉक्टरांच्या मते काहींना होतं असं. आज ती फ्रिज उघडून बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, दूध म्हणजे गाईच्या अंगातून पिळलेला घामच की. मी हसले. संध्याकाळी माझ्या चहावर साय तरंगताना दिसली. कप तसाच ओतून दिला.

२ एप्रिल
अनघाच्या योगवर्गातल्या गरोदर बायका खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जमतात. जाता जाता ऐकलं, ती माझंच बोलणं इंग्रजीत सांगत होती. शब्द माझे, क्रमही माझा. एकीने स्वतःच्या पोटावरचा हात असा काढला, जणू पालीवर पडला होता. मी थांबून सांगितलं की हा नुसता इतिहास आहे, खरं मानू नका. त्या माझ्याकडे फार आदराने बघत होत्या. अनघाने ओळख करून दिली, "हे सगळं ताईनेच आणलं."

१६ एप्रिल
हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत घास उतरला नाही. काचेमागे टांगलेल्या कोंबड्या, मानेखाली थिजलेली पिवळी चरबी. समोरच्या माणसाचे ओठ तेलकट. मांस मांसात जात होतं. बाहेर येऊन ओकले.
घरी रुचिर वाट बघत होता. अनघा आता नुसत्या फळांवर आहे, ताई, तुम्हीच समजवा, म्हणाला. समजावलं. ती म्हणाली, ताई, तुझ्या तोंडाला वास येतो.

५ मे
मुलगी झाली. लहानशी आहे, पण ठीक. अनघाने घेतली नाही, भिंतीकडे तोंड करून पडली. नर्स म्हणाली, थकलीय. रुचिरने बाळ माझ्याकडे दिलं. अंगावर पांढरा चिकट लेप, टाळूची कातडी धडधडत होती. मी हात मागे घेतले. त्याने पाहिलं.

९ मे
बाळ घरी आलं. अनघाला पान्हा फुटतो. ती फडक्याने टिपते, फडकं भिंतीतल्या कचऱ्याच्या नळीत टाकते. बाटली रुचिर देतो — नाकाला रुमाल बांधून.

११ मे
रुचिर आज व्हॉइड डेकवर त्या बायकांत बसला होता. कडेला बाबागाड्या. एकीतूनही आवाज नाही. मी आत बघितलं नाही.

१२ मे
सकाळपासून बाळ बाहेरच्या खोलीत रडतंय. ते दोघं दार लावून बसलेत. ठोठावलं. रुचिर आतून म्हणाला, सुटू दे तिला.
अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई विचारत होती काय झालं — तिच्या बोलण्यात थुंकी ऐकू येत होती — ठेवून दिला.
पावडर कालवली. वास. ओकले, परत कालवली.
रडणं बारीक झालंय.
बाटली हातात आहे. बाळाचं तोंड उघडं — ओलं, आतून लाल — नुसती पुढे धरायची. माणूस आहे ती. मला कळतंय. माणूस — माझा हात पुढे