नेफतालीला आणायचं का?

प्रिय नेफताली,

फोनवर तू हसून विषय उडवतोस, म्हणून शेवटी लिहायला बसलो. पावाची गाडी उद्या सकाळी खाली किनाऱ्याकडे येईल, तिच्या ड्रायव्हरजवळ हे पाकीट आणि आईने केलेल्या पेरूच्या वड्या देतोय. वड्या संघातल्या पोरांना वाटत बसू नकोस. तुझ्यासाठी म्हणून केल्यात, मला एक चाखूसुद्धा दिली नाही.

इथे लोमा ब्लांकात सध्या दुसरा विषय नाही. तुझ्या बास्केटबॉल क्लबचा निरोप आल्यापासून अख्खं गाव गुडघ्याला बाशिंग बांधून बसलंय. नेफतालीला घ्या, बदल्यात तुमच्या संघातली याडियल आणि मिसाएल ही दोन्ही पोरं द्या, असा तो निरोप. हो की नाही ते गुरुवारी क्लबच्या बैठकीत ठरेल, पण खरी बैठक रोज माझ्या बेकरीतच भरते. एक कप कॉफी घेतात आणि दुपारपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. चागोने तर कहर केलाय. निवडणुकीत भाड्याने देतो तो कर्ण्यांचा ट्रक काढून गल्लोगल्ली ओरडत फिरतो, "डोंगराचा लेक डोंगरात परत येऊ द्या!" फादर म्हणाले, अरे प्रार्थनेच्या वेळी तरी थांब. तर हा म्हणतो, "फादर, मीही प्रार्थनाच करतोय, जरा मोठ्याने."

विरोधात एकट्या कार्मिनबाई, तुझ्या गणिताच्या. त्या एकही सामना चुकवत नाहीत, तुला माहीतच आहे. परवा त्या म्हणाल्या, "आवळा देऊन कोहळा काढला असं वाटतंय ना तुम्हाला? नेफताली चौतीस वर्षांचा आहे आणि याडियल एकवीसचा. दोन वर्षांनी कोहळाही नसेल आणि आवळाही नसेल." चागो उसळला, "बाई, त्याला गणितात नापास केलंत तो राग अजून गेला नाही तुमचा!" बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला वजाबाकी येत नव्हती म्हणून नापास केलं. तुलाही येत नाही." सगळी बेकरी खो खो हसली, मीही हसलो. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. "एलिसेओ, अरे पोरगा तुझा, आणि तूच तोंडात मूग धरून बसलायस?" मी म्हटलं, पाव करपतोय, आणि आत गेलो. पाव काही करपत नव्हता.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. तू चोवीस वर्षांचा होतास तेव्हाही हीच अदलाबदल समोर आली होती. तू इकडे आणि आपला काको तिकडे. हेच क्लबवाले तेव्हा छाती पुढे काढून म्हणाले होते, "काको म्हणजे लोमा ब्लांका! त्याला द्यायचं म्हणजे चर्चची घंटा विकण्यासारखं आहे." काकोने पुढे काय केलं? बाकावर बसून पोट वाढवलं. आणि तू आमच्याच मैदानावर येऊन आम्हालाच अंतिम सामन्यात हरवून गेलास. मी आपल्या गावाचा सदरा घालून बसलो होतो. तू बास्केट केलीस की टाळी वाजवावी की नाही, हेच मला कळेना. तुझ्या आईला तसला प्रश्नच पडला नाही, ती सरळ उभी राहून वाजवत होती आणि मागचे लोक तिला खाली बस म्हणत होते. काय उडायचास रे तू तेव्हा! तेव्हा आणायला हवं होतं तुला. दहा वर्षं आम्ही तुला रविवारी रेडिओवर ऐकलं आणि शेजाऱ्यांसमोर हरल्याचं तोंड करून आत खूश झालो. हे काय बापाचं जगणं आहे?

याडियल अजून रोज सकाळी पाव न्यायला येतो. त्याच्याबद्दल चर्चा चालू असली की दारातच थांबतो, आणि मग सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागतात. काल मला म्हणाला, "काका, तिकडे असा पाव मिळतो का हो?" मी म्हटलं, नाही मिळत. त्याला तुझा राग नाही, बरं का. लहानपणापासून तुझाच फोटो भिंतीवर लावून झोपलाय तो. पण त्याला जायचं नाहीये. कुणी त्याला विचारलेलंही नाही.

आता जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाचं. तू आला होतास, चौकात पोरांचा गराडा पडला आणि सगळी ओरडायला लागली, नेफताली, उडी मारून चेंडू बास्केटमध्ये टाक! तू हसलास, चेंडू याडियलकडे फेकलास आणि म्हणालास, "ही तरुणांची कामं." गाव अजून तेच सांगत फिरतंय, केवढं मोठं मन! चागो तर कर्ण्यावरून सांगतो. पण त्याआधी चर्चच्या पायऱ्या उतरताना मी तुझ्या मागे होतो. एक हात कठड्यावर ठेवून तू आडवा होऊन एकेक पायरी उतरत होतास, आणि खाली कुणी बघू नये म्हणून पोरांशी मोठमोठ्याने थट्टा करत होतास. घरी आल्यावर तू आईकडे सरबतासाठी म्हणून बर्फ मागितलास. सरबत तसंच टेबलावर राहिलं. सकाळी तुझ्या पलंगाखाली ओला टॉवेल सापडला, तो मी आईच्या आधी उचलला. तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्या घराण्यात दुखणं सांगायची पद्धतच नाही, मेली.

तुझ्या क्लबने डॉक्टरांचा कागद पाठवलाय, त्यात सगळं ठीक आहे असं लिहिलंय. कार्मिनबाई म्हणाल्या, आपल्या डॉक्टरलाही एकदा पाय बघू द्या. आपल्या क्लबचे अध्यक्ष केवढे भडकले! "गावच्या लेकराला काय बाजारातल्या घोड्यासारखं तोंड उघडून बघायचं? लाज नाही वाटत? त्याचा बाप बसलाय ना इथे! गुरुवारी एलिसेओ उठून सांगेल पाय ठणठणीत आहे, विषय संपला." लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर थापा मारल्या. तुझी आई घरी तुझ्या खोलीला रंग लावून घेतेय. भाजी आणायला गेली तरी गुणगुणत जाते.

म्हणून लिहितोय, बाळा. गुरुवारी ते मला सगळ्यांसमोर विचारणार, आणि माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही. ज्या लोकांनी मला आयुष्यभर विश्वासाने पोटाशी धरलं, त्यांची दोन पोरं मी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यापायी घालवू शकत नाही. बुधवारपर्यंत तूच अध्यक्षांना फोन करून नाही म्हण. कारण तुला हवं ते दे. म्हण, किनाऱ्याची सवय झाली, म्हण, डोंगरात थंडी वाजते. गाव दोन दिवस शिव्या देईल आणि गप्प बसेल, तुझं नाव शाबूत राहील. तू मला नको आहेस असं मनात आणू नकोस. तुझ्या आईपेक्षा मी जास्त वाट बघतोय, फक्त मला गुणगुणता येत नाही. खेळणं संपलं की ये, लंगडत ये, खोली रंगवलेलीच आहे. पण फोन तू कर रे. तू नाही केलास तर गुरुवारी मी उभा राहीन आणि जे पाहिलं ते सांगेन, आणि त्यानंतर तू या घरात पाऊल टाकशील की नाही, ते मला माहीत नाही.

तू फोन केलास तरी, नाही केलास तरी,
तुझाच
बाबा