थंड पाण्याची बादली

बुधवार, संध्याकाळ. हमरापूर

पाळी थांबल्यापासून अंगातून वाफा निघतात, हे ह्यांना ठाऊक हाय. तरी आज कारखान्यातला पंखा बंद केला. म्हणे, मूर्तींच्या ओल्या रंगावर धूळ बसते. वर कारागिरांसमोर हसले, "म्हातारी झालीस गो!"

बरं. रोह्याच्या निसर्गोपचारवाल्या बाईंनी सांगितलंय, वाफ आली की काम ठेवून थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडायचे. सोडले! मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी मी एकटीच, आणि गडब गावचं गिऱ्हाईक गणपती न्यायला टेम्पो घेऊन दारात. शेवटी ह्यांनीच ब्रश धरला. गणपती तिरळा झाला.

मग गपचूप पंखा लावला. "ऊठ गो आता."

मी दुष्ट हाय का? असेन. वाफ केव्हाच गेली होती. पाय बादलीतून काढले नाहीत.