सत्तर वर्षांचं लोखंडी स्टूल

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरीही). तुमची आणि मामींची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. खरं काय ते तुम्ही पत्रात कधीच लिहीत नाही.

मी एक लोखंडी स्टूल घेतलंय. दुकानदार म्हणाला, सत्तर वर्षांपूर्वीचं, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लेथ खात्यातलं. पाठ का नाही, तर कामगाराला डुलकी लागू नये. बैठकीला भोकं का, तर सांडलेलं तेल निथळावं. मधला स्क्रू फिरवून उंची यंत्राशी जुळवायची. शोभेसाठी म्हणून काहीच केलेलं नाही, हीच त्याची शोभा, असंही तो म्हणाला. (इतकं गोड बोलणारा माणूस लोखंड विकतो, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तोवर पावती खिशात गेली होती.) बायकोने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला कोणीही टोपी घालतं." शनिवारपर्यंत परत करता येतं. खोटं निघालं, तर यापुढे घरात साधा चमचासुद्धा मी आणायचा नाही, असं ठरलंय.

मग लागलो तपासाला. गंज चारही पायांना अगदी सारखा. म्हातारपण कधी असं मोजूनमापून येतं का? भिंगातून पाहिलं, वास घेतला, शेजारच्या सुताराला बोलावलं (तो म्हणाला, लाकूड असतं तर सांगितलं असतं). शेवटी स्टूल उलटं केलं आणि पायाच्या नळीत बोट घातलं. आतली कड गुळगुळीत.

मामा, कारखान्यात नळीची आतली कड कोण घासत बसतो? लहानपणी तुम्हीच बनवलेल्या स्टुलाच्या नळीत बोट घालून मी ते कापून घेतलं होतं. मामी सांगतात, त्या दिवसापासून आतून कानस मारल्याशिवाय तुम्ही एकही नळी हातावेगळी केली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वेल्डिंग बंद करायला सांगून दोन वर्षं झाली ना? मग मामींना सांगून रोज सकाळी डबा घेऊन तुम्ही कुठल्या बागेत फिरायला जाता? मला तुमची काळजी वाटते आणि रागही येतो. स्टूल मात्र परत करणार नाही.

आपला,
भाचा

ता. क. बायकोला सांगितलं, अस्सल आहे. लग्नानंतर माझं म्हणणं तिला प्रथमच पटलं.

ता. क. दुसरा: त्यामुळे तिला आता आणखी तीन हवीत. दुकानदार मध्ये नको. काळी काच लावून, सावकाश करा. गंज लावायची तसदी घेऊ नका, आमच्या न्हाणीघरात तो आपोआप चढतो. पुढच्या महिन्यात मामी आमच्याकडे राहायला येणार आहेत. तोवर स्टुलं पोचली, तर बागेचा विषय निघणार नाही.