बाही लागली होती

पप्पा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सेमीफायनलच्या शेवटच्या फ्रेममध्ये माझ्या कुर्त्याची बाही बॉलला लागली की नाही ते मला कळलं नाही. ते खोटं होतं. बाही लागली होती आणि मला कळलं होतं. समोरचीचा तेरा नंबरचा पट्ट्याचा बॉल, मला ज्याने मारायचं होतं त्या पांढऱ्या बॉलला अगदी खेटून होता. मी वाकले, मनगटाजवळ कापड किंचित अडलं आणि बॉलवरचा तेराचा आकडा, जो इतका वेळ सरळ दिसत होता, तो तिरका झाला. बॉल जागचा हलला असेल-नसेल, फिरला मात्र नक्की. मी तशीच खाली राहिले, माझा शेवटचा काळा बॉल मारला, तो पॉकेटमध्ये गेला आणि मी जिंकले. तिने हसून हात मिळवला. तो हात मी फार लवकर सोडला.

तुमच्या वेळी असलं काही नव्हतं म्हणून सांगते. बोरिवलीत एका मिठाईच्या दुकानाच्या वर पूल पार्लर आहे, तिथे दर रविवारी आम्हा हौशी बायकांची लीग चालते. मार्कर नाही, रेफ्री नाही. फाऊल झाला तर जिचा तिने सांगायचा. हात लागो की कपडा, कुठल्याही बॉलला लागला की फाऊल, आणि मग समोरची पांढरा उचलून हवा तिथे ठेवते. मी बोलले असते तर तिचा एकच उरलेला तेरा आणि त्यानंतर जिंकायचा काळा, दोन्ही समोरच होते. फ्रेम तिची झाली असती. मी चार वर्षं खेळते आहे आणि पहिल्यांदाच फायनलला पोचले आहे. ती या रविवारी आहे.

तुम्ही म्हणाल, तू तर न झालेले फाऊल सांगणारी. खरंच, त्यासाठी मी तिथे प्रसिद्ध आहे. बॉलजवळून हात गेला की मी उभी राहून फाऊल म्हणते. जिच्याशी सेमीफायनल खेळले ती माहुलची, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तीच एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तू फाऊल सांगतेस की प्रसाद वाटतेस गं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पवईच्या ऑफिसातली माझी मैत्रीण, जी याच लीगमध्ये खेळते, ती मात्र हसली नाही. तिने सेमीफायनलच्या आधी मला बजावलं की या वेळी डोळ्यांनी दिसेल तोच फाऊल, मनातले नकोत. तिचं बरोबर होतं. महिनाभर मी सरावाच्या वेळी मोबाइल स्टँडवर लावून स्वतःचे व्हिडिओ काढले होते. त्यात मी सांगितलेले बहुतेक फाऊल नव्हतेच. आणि ज्याला मी माझी चूक समजत होते, म्हणजे मारताना डोकं उचलणं, तीही नव्हती. डोकं दगडासारखं स्थिर. चूक वेगळीच होती. खाली वाकल्यावर मी विचार बदलत होते. एका पॉकेटसाठी वाकायचं, वाकल्यावर दुसरं बरं वाटायचं, आणि क्यूची काठी मधेच कुठेतरी जायची. इतकी वर्षं मी नसलेली चूक दुरुस्त करत होते.

ते व्हिडिओ बघताना मला मुलुंडचा तुमचा जिमखाना आठवला. सोमवारी तो बंद असतो. मे महिन्याची सुट्टी आहे, तुम्ही मला सोबत नेता. मेंबर लोकांचे स्कोअर लिहिणारे, पांढरे हातमोजे घालून बॉल पुसून जागेवर ठेवणारे, जिमखान्याचे मार्कर असलेले माझे पप्पा त्या दिवशी बनियनवर असतात. आधी टेबलाला ब्रश, मग कापडाला इस्त्री, एकाच दिशेने. गरम लोकरीचा वास येतो. नंतर अर्धा तास कोपऱ्यातलं पूलचं टेबल माझं. मारायच्या आधी पांढरा कुठे थांबेल ते बोट ठेवून दाखवायचं, हा तुमचा नियम. बॉल पॉकेटमध्ये गेला म्हणून मी उड्या मारते आणि तुम्ही नुसतं पांढऱ्याकडे बघता. तो मी दाखवलेल्या जागेपासून हातभर लांब असतो. बॉल गेला तरी चूक ती चूकच, तुम्ही म्हणायचात. आणि बॉल चुकला पण पांढरा बरोबर थांबला, तर अर्धं माफ. मी वाकून घुटमळू लागले की मागून आवाज यायचा, "उभी रव. आधी ठरव, मगे वाक." हे सगळं तुम्ही मला दहाव्या वर्षीच दिलं होतं आणि मी ते सत्ताविसाव्या वर्षी मोबाइलमध्ये शोधत बसले.

सेमीफायनलचाही व्हिडिओ होता. मागचं पत्र लिहिल्यावर मी तो पुन्हा पुन्हा बघितला. त्या क्षणी माझं कोपर बरोबर तेराच्या आड येतं. काहीच दिसत नाही. म्हणजे हे मला सोडून कोणालाच कधी कळणार नाही. ते बघून हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग परवा, मंगळवारी, ऑफिसात दुपारचा डबा खाताना मला त्या सोमवारांतला एक सोमवार आठवला, जो मी कसा काय विसरले कोण जाणे. फ्रॉकचा घेर टेबलावर घासला गेला होता आणि दोन बॉल हलले होते. तुमची पाठ होती. मी फाऊल म्हणाले आणि रडायलाच लागले, कारण मला वाटलं तुम्ही आता मला आणणार नाही. तुम्ही बॉल जागेवर ठेवलेत, क्यू हातात घेतलात आणि जराही न समजावता म्हणालात, "फाऊल म्हणजे पाप न्हय गो. समोरच्याचो टर्न, इतक्याच." आणि खरंच तुमचा टर्न घेतलात. एकामागून एक बॉल घालून मला हरवलंत. मी डोळे पुसून बघत राहिले. नंतर आपण कँटीनच्या मागच्या बाजूला बसून बटाटेवडे खाल्ले.

मी ते निम्मंच लक्षात ठेवलं होतं, पप्पा. फाऊल सांगायचा, एवढंच. तो सांगून बाजूला व्हायचं असतं, हे विसरले. म्हणून नसलेले फाऊल मी देवापुढे कबुली द्यावी तसे सांगत सुटले, आणि खरा झाला तेव्हा तो इतका मोठा वाटला की तोंडच उघडलं नाही. डब्यातली पोळी हातात धरून मी हळूच फाऊल म्हणाले. बाजूच्या टेबलावरच्याने वळून बघितलं. पण छाती मोकळी झाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मग तिला जाऊन सांग. मला काय सांगतेस, मी मार्कर आहे?" मला इतकं हसू आलं की तिनेच घाबरून विचारलं, काय झालं. त्या संध्याकाळी मी नीट जेवले.

तर मी तिला भेटून सांगणार आहे. फायनल तिची. तिने नको म्हटलं तरी मी खेळणार नाही, हे लीग चालवणाऱ्या बाईंनाही सांगेन. वाईट वाटणारच. त्या टेबलावर मला उभं राहायचं होतं. पण दोन दिवस मी सराव केला आणि एकदाही वाकल्यावर विचार बदलला नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्हाला दिसणार नाही, पण आधीच्या कागदावर मी 'तिला शनिवारी संध्याकाळी भेटून सांगणार' असं लिहिलं होतं. फायनलच्या आदल्या दिवशी इतक्या उशिरा सांगितलं, तर तिला तयारीला वेळ उरणार नाही आणि ती म्हणेल, जाऊ दे, तूच खेळ. मला तेच हवं होतं. ते खोडून मी नवा कागद घेतला. ती गुरुवारी लॅबमधून सहाला सुटते आणि सातपर्यंत पार्लरला येते. आज गुरुवार आहे.