माळावरचे पांढरे दगड

महेशचे बाबा,

महेशच्या आईचा शरणार्थ. आज सोमवार. नेहमीसारखी शेतात तुमच्या समाधीवर दिवा लावायला गेले होते. विभूती लावली, बेल वाहिला आणि उठताना वर बघितलं, तर आपल्या माळावरून बायका उतरत होत्या. डोक्यावर पदर, हातात पूजेची ताटं, आणि वाट तुमच्या सायकलीची. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, म्हणून भाकरी झाकून ठेवली आणि लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून मी त्या माळावर पाऊल ठेवलं नव्हतं. समाधीपर्यंत जायचे आणि मान खाली घालून परत यायचे. भीती वाटायची. तुम्हीच म्हणायचात ना, "वाट पायाखाली नसली की एका पावसाळ्यात जाते." पावसाळा तर होऊन गेला. रविवारची तुमची लातूरची सायकलवाली मंडळी आधी काही दिवस आली, मग येईनाशी झाली. त्यांना कशाला बोल लावू? गेटची कडी वाजली की मला वाटायचं तुम्हीच सायकल भिंतीला लावून आत याल. दार उघडावं तर दुसरंच कुणी उभं. मग मी दार उघडायला वेळ लावायला लागले, आणि ती पोरंही समजून गेली असतील.

महेशचा फोन रविवारी येतो. इकडचं तिकडचं झालं की हळूच विचारतो, "आई, बाबांची वाट आहे का गं अजून?" मी म्हणते, "असेल." दर रविवारी आपलं असेल. पोटच्या लेकराशी असं किती दिवस बोलायचं?

त्याच्याकडे गेलो होतो ते आठवतं का तुम्हाला? समुद्राच्या कडेचे ते डोंगर. गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली धुकं, आणि मधूनमधून वाकड्या फांद्यांची काळपट हिरवी झाडं. सून म्हणाली, ह्याला ओक म्हणतात. मला ती आपल्या माळावरच्या हिवरासारखी वाटली, म्हणून त्या परमुलखात जरा जीव रमला. त्या झाडांमधून नुसत्या सायकलींसाठी वाट काढलेली. भाड्याची सायकल घेऊन तुम्ही महेशच्या मागे वर गेलात आणि मी खाली बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसले. वय किती, अंगात शुगर किती, कशाचा म्हणून विचार नाही. परत आलात ते गुडघा फोडून आणि पँट फाडून. पण चेहरा असा होता की मला रागवायचं सुचलं नाही.

"अगं, झाडाला वळसा घालून सायकल खाली सुटते ना, तेव्हा एकदम समोर समुद्र येतो," म्हणालात.

मी म्हणाले, "लातूर जिल्ह्यात कुठून आणणार समुद्र?"

गावी आल्यावर दुकान पुतण्याच्या हाती दिलंत आणि टिकाव, खोरं घेऊन माळावर गेलात. आप्पांना म्हातारपणी चळ लागला, असं गाव म्हणालं, मीही काही फार वेगळं म्हणत नव्हते. गवत काढायला मजुरीवर गयाबाई यायची. तिला तुम्ही समजावून सांगायचात आणि ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. वाट उताराला आडवी न्यायची, सरळ खाली सोडायची नाही. पाणी वाटेवरून वाहू द्यायचं नाही, वाट ओलांडून जाऊ द्यायचं. पुढचं दिसत नाही अशा वळणावर मोठा दगड रोवायचा आणि त्याला चुना लावायचा, म्हणजे वेगात येणाऱ्याला लांबून कळेल. तो चुना हिशेबाच्या वहीत कुठल्या सदरात लिहावा मला कळेना. शेवटी 'आजारपण' मध्ये लिहिला, सायकल डॉक्टरांनी सांगितलेली म्हणून.

हिवराखालच्या वळणाला तुम्ही माझं नाव दिलंत, कारण मी तिथवरच चढायचे, डबा घेऊन. त्याच्या वर मी कधी आले नाही. वरच्या टोकावर तुमचा समुद्र होता. सगळा खरीप हिरवा झाला की वाऱ्याने सोयाबीन हलतं, ते तिथून दिसतं म्हणायचात. "एकदा ये तरी," म्हणायचात. गुडघे दुखतात म्हणून मी टाळत राहिले, आणि तुम्हीही जास्त आग्रह केला नाहीत. करायला काय हरकत होती?

तर आज वर गेले. कुसळं साडीला टोचत होती, दम लागत होता, पण वाट होती. खरंच होती, महेशचे बाबा. पायाखाली मळून गुळगुळीत झालेली. पहिल्या वळणाला पोचले आणि बघतच राहिले. तुमच्या पांढऱ्या दगडाला हळदकुंकू लावलेलं, पुढ्यात बांगड्या, वर हिरवा खण, आणि बाजूला नारळाच्या शेंड्यांचा ढीग.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही असतानाच एकदा कुणीतरी एका दगडाला कुंकू लावलं होतं. तुम्ही तारेच्या ब्रशने घासून काढलंत. गळ्यातलं लिंग हातात धरून म्हणालात, "देव इथं आहे. दगडाला देव करायचं आपल्यात नाही." मलाही ते पटलं होतं, अजून पटतं. म्हणून मला राग आला. तुमच्या माघारी तुमच्याच खुणेचा देव केला.

हिवराच्या वळणावर गयाबाई आणि तिच्यासोबत दोघी-तिघी अजून बसलेल्या होत्या. गयाबाईने मला बघितलं आणि म्हणाली, "अक्का, तुमी? अन् गुडघे कुठं ठिवून आलाव?"

मी म्हणाले, "गयाबाई, हे काय चाललंय?"

"वळणाई हाय ही. सोमवारच्या यायलाव आमी."

"अगं, कसली वळणाई? आमच्या ह्यांनी सायकलवाल्यांना दिसावं म्हणून रोवलेला दगड आहे हा. देव नाही."

एक नवी सून होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. गयाबाई नारळातलं खोबरं काढत होती.

"मलाच सांगायलाव व्हय? चुन्याची बादली कुणी वाहिली? औंदा दिवाळीत घराला मारून उरलेला चुना बी ह्या खालच्या दगडांना मीच लावला."

"मग?"

"मग काय? सासूला म्हणलं, माळावर फिरून येते, तर सोडंल का ती? वळणाईला जाते म्हणलं की सवताहून नारळ देती हातात." तिने खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला. "बाईला घरातून निघायला कुणाचं तरी नाव लागतंय अक्का. आप्पाला डाक्टरचं नाव व्हतं. साखर कमी हुईल म्हणून सायकल. कमी झाली का वो साखर?"

मला हसू आलं. कशाची कमी होते? माळावरून आलात की दशम्यांवर गूळ घेऊन बसायचात. लई दिवसांनी हसले मी. माझंच हसणं मला अनोळखी वाटलं.

मग ती म्हणाली, "अन् तुमी कुणाचं नाव घिऊन आलाव?"

मी कुणाचं घेणार? माझ्या घरात सासू नाही, विचारणारं कुणी नाही. जाऊ नको म्हणणारं नाही आणि लवकर ये म्हणणारंही नाही. मी दिवसभर माळावर बसले तरी कुणाला कळणार नाही. त्या बाया चोरून मोकळ्या होतात, आणि मी मोकळीच आहे तर घरात बसून राहते. खोबरं खाल्लं आणि त्यांच्याजवळ टेकले. बरं वाटलं.

त्या उतरल्या तेव्हा मी वर बघितलं. हिवराच्या पुढे वाट नाही. नुसतं गवत आणि घाणेरीची झुडपं. वरच्या दगडांचा चुना पावसात धुऊन गेलाय. पांढरं दिसत नाही म्हणून देव नाही, देव नाही म्हणून बाया जात नाहीत, आणि पाय पडत नाही म्हणून वाट बुजली. तुमचा समुद्र त्या गवतापलीकडे राहिला.

आता मी काय ठरवलं ते सांगते, रागावू नका. येत्या रविवारी मी चुन्याची बादली घेऊन हिवराच्या वर जाणार आहे. एका दिवसात नाही होणार, एकेका दगडाला गवत बाजूला करून, ब्रश मारून, टोकापर्यंत. कुंकू मी लावणार नाही, हा माझा शब्द. गळ्यातल्या लिंगाशिवाय हात जोडणार नाही. मी फक्त तुमची खूण पांढरी करीन. पुढचं त्या बाया बघतील. त्यांनी नारळ फोडला तर फोडू दे, पाय तर पडतील. तुम्ही आहात तिथून ब्रश घेऊन घासायला येऊ नका. आणि यायचंच असेल, तर या.

महेशने विचारलं तर सांगीन, हिवरापर्यंत आहे, वरची काढतेय. टोकाला पोचले आणि पुढचा खरीप हिरवा झाला की फोन उंच धरून त्याला समुद्र दाखवीन. आधी मी बघीन.

चुना या वेळीही 'आजारपण' मध्येच लिहिणार आहे. फक्त नाव माझं घालीन.

हिवराच्या वळणापर्यंत पोचलेली,
महेशची आई