सुनंदाचा डावा हात

सणसर, रविवार, १९९६

आज बारामतीला सुनंदाच्या शाळेत जुन्या खेळाडूंचा मेळावा झाला. माझी बायको तिथली बेसबॉलची पहिली पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, एवढंच मला ठाऊक होतं. शाळेची सगळ्यात मोठी पिचर कोण, यावर वाद निघाला. तिचे सर म्हणाले, "सुनंदा दोनच वर्षं खेळली. मोठी कशी म्हणायची?" मला राग आला, पण मी काय बोलणार? मी तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात पाहुणी म्हणून आलेली, इंदापूरच्या संघाची जुनी कॅप्टन रेखा उठली. "सर, हिचा बॉल माझ्या बॅटला एकदा बी लागला न्हाय. आता टाकू द्या की!"

सुनंदानं पदर खोचला. रेखा बॅट घेऊन उभी राहिली, सर हातमोजा घालून तिच्या मागं बसले. डाव्या हातानं तिनं बॉल सोडला आणि रेखाची बॅट फिरायच्या आत तो सरांच्या हातात! पुन्हा तसंच. त्याच हातानं रोज भाकरी थापते ही, आणि मला पत्ता नाही?

सर तळवा चोळत उठले. "दोनच वर्षं खेळली, पण हीच मोठी."

येताना मोटारसायकलवर मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस."

"सांगून काय दिसतंय व्हय?"

उद्या अंगणात बॅट घेऊन मीच उभा राहणार. माझ्या बॅटला एकही बॉल लागू नये, असंच वाटतंय.