पाच बहिणींचं कापड

५ तारीख, सोमवार
नात दुकानात आली. लग्नाचे कपडे आजोबांच्याच दुकानातून घेणार म्हणाली. घेणारच! चाळीस वर्षं इथे काय झक मारतोय? पण म्हणे, आधी सांगा, हे कापड कुणी विणलं, कुठे विणलं, त्यांना पगार नीट मिळतो का. कापडाला काय जन्मदाखला असतो? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.

६ तारीख
होलसेलवाल्याला फोन. माल कुठून येतो विचारलं. म्हणाला, शेठ, वरून येतो. गाढव. संध्याकाळी बघतो तर नात समोरच्या टकल्याच्या दुकानात शिरलेली! माझ्या नातीच्या अंगावर टकल्याचं कापड? मी मेल्यावर.

७ तारीख
काम फत्ते. नातीला सांगितलं, डोंगरापलीकडे पाच बहिणी आहेत, हातमागावर विणतात, कुणाच्या नोकर नाहीत. खोटं नव्हे, धंदा. पोरीच्या डोळ्यांत पाणी. निळं कापड घेऊन गेली. याला अक्कल लागते, डिग्री नाही.

१२ तारीख
नात म्हणते, बहिणींना लग्नाला बोलवा. पाचही जणींना. मी म्हटलं, त्या फार कामात असतात. तर म्हणे, मग आपणच भेटायला जाऊ. म्हटलं नको, येतील त्या. भलते लाड. ऐनवेळी एखादी आजारी पाडू.

२० तारीख
थोरलीला न्यूमोनिया केला. नातीने लगेच फळं पाठवायला पत्ता मागितला. हल्लीची पोरं कुणाला सुखाने आजारीही पडू देत नाहीत. सूनबाई माझ्याकडे बघून नुसती हसते. तिला पहिल्यापासून कमीच कळतं.

२८ तारीख, लग्न
नात आईच्या जुन्या कपड्यांत उभी. निळं कापड शिवलंच नाही. म्हणाली, विणणाऱ्यांना आधी भेटते, मग शिवते. पहिल्या रांगेत पाच खुर्च्या, प्रत्येकीवर पाटी: विणकर. मी सांगितलं, त्यांची बस चुकली. म्हणाली, रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत आजोबा, तुम्हीच बसा. तोंडावर हसू नाही, काही नाही. बसलो. या वयात उभं तरी कुठवर राहायचं? फोटोही निघाले.

मग नातजावयाची आत्या आली. पाटी वाचली. माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. म्हणाली, किती मऊ आहेत हो, विणणाऱ्याचे वाटतच नाहीत.